चकाकी म्हणजे ठिणगी नव्हे

जुनं यंत्र 'रिस्टोर' केलं असं हल्ली ज्याला म्हणतात, त्यातल्या बहुतेक प्रकारांना मराठीत साधा शब्द आहे: रंगरंगोटी. व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. गंजलेलं इंजिन टेबलावर येतं, सँडब्लास्टिंग होतं, पावडर कोटिंग होतं, नट-बोल्ट आरशासारखे घासले जातात, कंपनीचं नाव बारीक कुंचल्यानं पुन्हा काढलं जातं. हे सगळं बावीस मिनिटं चालतं. इग्निशनच्या वाट्याला त्यातले नऊ सेकंद येतात: जुनं सगळं काढून बाजूला, नवा काळा डबा आत, दोन वायरी जोडल्या, पुढे चला. माझं भांडण त्या नऊ सेकंदांशी आहे. रंगाशी काही वैर नाही. रंगानं गंज थांबतो. पण पेट्रोल इंजिनात ठिणगी कुठून येते हे ज्याला पाहावंसं वाटलं नाही, त्यानं इंजिन जिवंत केलं असं म्हणू नये. त्यानं फार तर त्याला नटवलं.

हे मी हवेत बोलत नाहीये. गेलं वर्षभर माझ्याकडे एक जॉन्सन सी-हॉर्स आहे, साडेपाच हॉर्सपॉवरचं, १९५०च्या दशकातलं. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. ते मुंबईहून आलं, दारूखान्यातून. जहाजं तोडून निघालेला माल जिथे वर्षानुवर्षं विकला जातो त्या भागातून. नाशिकला समुद्र नाही, हे मला लोक आवर्जून सांगतात. गंगापूर धरण आहे, पण तिथलं पाणी आख्खं शहर पितं, आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं टू-स्ट्रोक इंजिन पिण्याच्या पाण्यात फिरवायला मी तयार नाही. आउटबोर्डची चाचणी तशीही पिंपात घेतात. दोनशे लिटरचं प्लास्टिकचं पिंप, काठापर्यंत पाणी, आणि पिंपाच्या कडेला फळी लावून तिला अडकवलेलं इंजिन. गारव्याचं पाणी ते स्वतःच खालून ओढून घेतं, म्हणून कोरडं चालवायचं नसतं. शेजाऱ्यांना वाटतं मी ताक घुसळतोय.

आता आतली गोष्ट. ती थोडी सविस्तर सांगतो, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे.

दोरी ओढून सुरू करायच्या त्या टोपीखाली फ्लायव्हील असतं. आपल्याकडचे स्कूटर-मिस्त्री त्याला सरळ 'मॅग्नेट' म्हणतात, आणि ते योग्यच आहे, कारण त्याच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेले असतात. पुलर लावून ते उचललं की खाली एक गोल प्लेट दिसते. तिच्यावर दोन कॉइल, दोन कंडेन्सर आणि पॉइंटच्या दोन जोड्या. सिलिंडर दोन म्हणून सगळं दोनदा. बॅटरी नाही. चुंबक कॉइलच्या लोखंडी पायांसमोरून फिरतात, त्यामुळे आतल्या जाड तारेच्या वेढ्यांत प्रवाह सुरू होतो. तो पॉइंटमधून वाहतो, कारण पॉइंट मिटलेले असतात. मग क्रँकशाफ्टवरचा कॅम पॉइंटला नेमका त्या क्षणी उचलतो जेव्हा प्रवाह जोरात असतो. वाट तुटते, चुंबकीय क्षेत्र कोसळतं, आणि त्याच लोखंडावर गुंडाळलेल्या केसाहून बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत दहा-पंधरा हजार व्होल्ट उभे राहतात. तेवढा दाब प्लगच्या फटीतून उडी मारतो. कंडेन्सरचं काम मधल्यामध्ये: पॉइंट उघडताना तिथेच उडू पाहणारी ठिणगी तो स्वतःत सामावून घेतो. तो मेला की पॉइंट जळतात आणि प्लगवर पिवळी, मलूल ठिणगी येते.

इतकंच. तीन भाग, एक फट. ती फट या इंजिनात ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. फिलर गेजचं पान आत सरकवायचं, हलकंसं अडकलं पाहिजे, ओढलं तर निघालं पाहिजे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला फॅरडेचा नियम मी पाच मार्कांसाठी लिहिला होता, वजा चिन्हासकट. तो नियम या फटीत राहतो हे मात्र मला कोणी सांगितलं नाही. वर्कशॉपच्या तासाला आम्ही लोखंडाचा चौकोनी तुकडा सहा आठवडे कानस मारून काटकोनात आणला. कशासाठी, हे विचारायची पद्धत नव्हती.

माझ्या इंजिनात काय बिघडलं होतं? सत्तर वर्षांत जे बिघडायचं तेच. दोन्ही कॉइलवरचं इन्सुलेशन तडकलं होतं, म्हणजे प्लगपर्यंत जाण्याऐवजी दाब मधेच लोखंडात उतरत होता. पॉइंटवर ऑक्साइडचा थर होता, डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ, पण वीज अडवायला पुरेसा. एक कंडेन्सर गळका होता. वायरींचं आवरण बोटात चुरगळत होतं. बाकी सगळं ठीक. कॅम ठीक, चुंबकही ठीक. हे निदान मी मल्टिमीटर घेऊन दोन रविवार करत बसलो. द्वारकेच्या बाजूला ज्यांचं गॅरेज आहे त्या उस्तादांनी, वय पासष्ट तरी असेल, प्लेटकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "ये तो अपना बजाजच आहे ना. फक्त डबल."

या वाक्याशी मी बराच वेळ थांबलो. ते अक्षरशः खरं आहे. बजाजची स्कूटर पियाजिओच्या व्हेस्पापासून आली, चेतक १९७२ची. पुण्याच्या किनेटिकची लूना त्याच वर्षीची, तीही पियाजिओच्या सिआओ मोपेडवरून आलेली. दोन्हींत फिरतं मॅग्नेट, पॉइंट, कंडेन्सर. आपल्या आईवडिलांच्या पिढीतल्या अर्ध्या महाराष्ट्रानं ज्या ठिणगीवर नोकरी, लग्न आणि गॅसचं सिलिंडर वाहून नेलं, तीच ठिणगी अमेरिकेतल्या मिशिगन तळ्यावर लोकांना मासे पकडायला नेत होती. पावसात स्कूटर तिरपी करून किक मारणारा माणूस आणि होडीत उभा राहून दोरी ओढणारा माणूस यांची तक्रार एकच: करंट येत नाही.

उस्तादांनी ड्रॉवरमधून बजाजचा कंडेन्सर काढून दिला. मी मोजला, ०.२२ मायक्रोफॅरड. जॉन्सनला लागतो तो साधारण तेवढाच. बसायची जागा वेगळी होती, तर त्यांनी पत्र्याची पट्टी कापून, वाकवून, भोक पाडून दिली आणि फ्लायव्हील हातानं एक आख्खा फेरा फिरवून कुठे घासत नाही ना ते कान लावून ऐकलं. पॉइंट तेलाच्या दगडावर घासले, मग थिनरमध्ये भिजवलेला जाड कागद फटीतून तीन-चार वेळा ओढला. पॉलिश पेपर मी पुढे केला होता. त्यांनी तो हातातूनच घेतला आणि बाजूला ठेवला. त्याचे कण पॉइंटमध्ये रुततात म्हणे.

हे फोटो मी जुन्या इंजिनांच्या शौकिनांच्या एका वर्तुळात दाखवले आणि दोन बाजूंनी हल्ला झाला. दोन्ही बाजू मला चुकीच्या वाटतात, आणि वेगवेगळ्या कारणांनी.

पहिली बाजू शुद्धतावाद्यांची. भारतीय स्कूटरचा कंडेन्सर जॉन्सनमध्ये? हे तर भ्रष्ट करणं झालं. अमेरिकेतून त्या काळातला, खोक्यातून कधीच न काढलेला कंडेन्सर मागवायला हवा होता. आता कंडेन्सर म्हणजे काय, तर धातूचे पातळ पट्टे आणि मधे इन्सुलेशनचा कागद, गुंडाळून नळीत भरलेले. न वापरलेला आहे म्हणून तो म्हातारा होत नाही असं थोडंच आहे? खोक्यात बसून कागद ओल धरतोच. म्हणजे ज्यादा पैसे देऊन तुम्ही एक मेलेला पण अस्सल भाग आणणार, आणि त्याला रिस्टोरेशन म्हणणार. हे यंत्रप्रेम नव्हे, हे पावती जपणं आहे.

आणि ही वृत्ती फक्त हौशी लोकांत नाही. ती आपल्या कायद्यातही आहे. २०२१च्या जुलैत केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं. नव्या नोंदणीचे वीस हजार रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसावेत. आणि ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरती. धूर आणि सुरक्षितता यांचा विचार करता त्यामागचं कारण मला कळतं, त्यावर माझा आक्षेपही नाही. पण यातून जुन्या यंत्राची जी व्याख्या तयार होते ती पाहा: न बदललेलं आणि न वापरलेलं. म्हणजे ज्या स्कूटरचा रोज उपयोग झाला, जिचे पॉइंट वीसदा बदलले, जिचं इंजिन तीनदा उघडलं, ती वारसा नाही. जी गॅरेजात चादरीखाली झोपली ती वारसा. पहिल्या वर्षीच्या चेतकला पन्नास वर्षं २०२२मध्ये पुरी झाली. तिला चालतं ठेवणाऱ्या हातांची कुठेच नोंदणी नाही.

दुसरी बाजू माझ्याच जातकुळीची, म्हणजे इंजिनिअरांची. त्यांचं म्हणणं: पॉइंट-कंडेन्सर हा मुळातच वाईट डिझाइनचा नमुना आहे, सीडीआय बसव आणि मोकळा हो. या बाजूशी भांडणं अवघड आहे, कारण आकड्यांत ती बरोबर आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये झिजणारा पॉइंट नाही, फट नाही, ठिणगीची वेळ हलत नाही, थंडीत इंजिन पटकन उठतं. बजाजनंही पुढे इलेक्ट्रॉनिक स्कूटर आणल्या आणि त्या उगाच खपल्या नाहीत. नव्या इंजिनात मला पॉइंट द्या असं मी म्हणणार नाही. कोणी म्हणत असेल तर त्याला पावसात जुनी लूना द्यावी आणि त्र्यंबकला पाठवावं.

पण प्रश्न नव्या इंजिनाचा नाहीच. प्रश्न असा आहे की जुन्यात डबा बसवल्यावर तुमच्या हातात काय उरलं. सीडीआयचा डबा आतून इपॉक्सीनं भरलेला असतो. पाणी-धक्क्यापासून बचाव म्हणून ते गरजेचंही आहे. पण त्यामुळे तो उघडता येत नाही, मोजता येत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही. चालतो तोवर चालतो, एक दिवस चालत नाही. मग तुमच्या इंजिनाचं आयुष्य त्या डब्याच्या पुरवठ्याइतकं. डबा बनवणारी कंपनी राहील याची खात्री आहे? आउटबोर्डच्या धंद्यातलं सर्वांत जुनं मोठं नाव घ्या. ओले एव्हिनरूडनं १९०९मध्ये मिलवॉकीत इंजिनं विकायला सुरुवात केली. पुढे एव्हिनरूड आणि जॉन्सन एकाच कंपनीत आले. ती कंपनी २०००च्या डिसेंबरमध्ये दिवाळखोरीत गेली. नाव विकलं गेलं, नव्या मालकांनी तंत्रज्ञान बरंच पुढे नेलं, आणि २०२०च्या मे महिन्यात एव्हिनरूडचं उत्पादन बंद झाल्याचं जाहीर केलं. आज पंधरा वर्षांपूर्वीच्या एव्हिनरूडचा संगणकी मेंदू गेला तर मालकाला जगभर शोधत बसावं लागेल. सत्तर वर्षांपूर्वीच्या जॉन्सनचा कंडेन्सर गेला तर द्वारकेला ड्रॉवरमध्ये मिळतो.

हौसेपुरतं असतं तर मी एवढा तावातावानं लिहिलं नसतं. कोकणात छोट्या होडीवर आउटबोर्ड लावून मासेमारी करणाऱ्याचा विचार करा. इंजिन बंद म्हणजे त्या दिवसाची भाकरी बंद. त्याच्या गावात कार्ब्युरेटर उघडणारा माणूस आहे, गिअरबॉक्सचं सील बदलणारा आहे. डबा गेला की मात्र सगळ्यांचे हात खिशात. डबा बदलायचा, किंमत विचारायची, तो येईपर्यंत वाट पाहायची. जो भाग सगळ्यांत कमी बिघडतो तोच बिघडल्यावर सगळ्यांत जास्त असहाय करतो. विश्वासार्हतेचे आकडे काढताना आम्ही इंजिनिअर पहिली गोष्ट मोजतो, दुसरी मोजत नाही.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात जुन्या कोडला 'लेगसी' म्हणतात आणि तोंड वाकडं करतात. सर्रास दिला जाणारा सल्ला: वाचत बसू नका, नवं लिहा. मी सहा वर्षं या धंद्यात आहे. ज्यांनी जुनं न वाचता नवं लिहिलं त्यांनी जुन्यातले सगळे खड्डे नव्याने खणले, हे पाहिलंय. त्यामुळे 'डबा बसव' हे वाक्य मला ओळखीचं वाटतं. त्यामागे तंत्रज्ञानाची आवड नसते, वाचायचा कंटाळा असतो.

प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवायला हवी. कॉइल मला इथे मिळाल्या नाहीत. मोटर रिवाइंडिंगच्या चार दुकानांत विचारलं. पंपाची मोटर गुंडाळणारे हे कसलेले लोक, पण इतकी बारीक तार, इतके वेढे आणि थरांमधलं निर्वात इन्सुलेशन हे त्यांच्या यंत्रावर होत नाही. शेवटी अमेरिकेत आजही बनणाऱ्या बदली कॉइल मागवल्या. त्या बसवताना लोखंडी पाय प्लेटच्या घडवलेल्या कडेशी अगदी समपातळीत आणावे लागतात. बाहेर आले तर चुंबकाला घासतात, आत राहिले तर ठिणगी कमजोर. तेवढं काम आमचं. म्हणजे 'सगळं इथेच होतं' असा दावा मी करत नाही. पण बदली कॉइल कोणीही बनवू शकतो, कारण तिच्यात गुपित काही नाही. तार, लोखंड, वेढ्यांची संख्या. कंपनी मेली तरी भाग जगला, तो यामुळे. डब्याबाबत हे होत नाही.

आता नाशिकचं. आमच्याकडे त्र्यंबक रोडला मायको सर्कल आहे. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. सातपूरला त्यांचा कारखाना, आता नाव बॉश. बॉशचं चिन्ह तुम्ही हजारदा पाहिलंय, वर्तुळात इंग्रजी आडव्या-उभ्या रेघांचं काहीतरी. ते अक्षर नाही. ते मॅग्नेटोच्या आर्मेचरचं चित्र आहे. १९०२मध्ये गॉटलोब होनोल्ड या बॉशच्या इंजिनिअरनं उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला, आणि १९१८मध्ये त्याचंच रेखाचित्र कंपनीचं चिन्ह झालं. गंमत अशी की सातपूरच्या कारखान्याची ख्याती डिझेलच्या नोझल आणि इंजेक्टरची, आणि डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. तर ज्या शहरातून हे चिन्ह मिरवत हजारो लोक रोज पाळीला गेले, त्या शहरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना हे चित्र कशाचं आहे असं विचारून पाहा. मी ऑफिसात अकरा जणांना विचारलं, त्यात मेकॅनिकलचे पाच. एकालाही सांगता आलं नाही.

याच शहरात अंबड लिंक रोडला भंगार बाजार होता. २०१७मध्ये महापालिकेनं तो अनधिकृत म्हणून पाडला. अनधिकृत होताच, आगीचा धोका होता, सांडपाण्याचा प्रश्न होता, आसपास राहणाऱ्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. पण पाडताना ती जागा काय होती हेही कोणी विचारलं नाही. दोन औद्योगिक वसाहतींच्या शहराचं ते सुट्या भागांचं ग्रंथालय होतं. ग्रंथालयाची इमारत धोकादायक असेल तर पुस्तकं दुसरीकडे हलवतात. इथे अधिकृत, नीट आखलेली जागा आधी देऊन मग जुनी हटवणं हा पर्याय उद्योगनगरीला सुचायला हरकत नव्हती.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२च्या जुलैत 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, डिसेंबरमध्ये पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं. फ्रान्समध्ये २०२१पासून काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापावे लागतात; आपल्याकडेही मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्ससाठी तसा निर्देशांक ठरवायला २०२४मध्ये समिती बसली. चांगलं आहे. पण या सगळ्याचा रोख 'कंपनीनं भाग आणि माहिती द्यावी' यावर आहे. कंपनीच उरली नाही तर? माझी मागणी साधी आहे. एखाद्या भागाचं उत्पादन थांबवताना त्याचा नकाशा, सर्किट आणि मापं सार्वजनिक करणं बंधनकारक करा. ज्या वस्तूतून तुम्ही कमवायचं थांबवलंत तिचं गुपित ठेवायचा हक्क कसला? आणि दुसरी मागणी विद्यापीठांकडे: पहिल्या वर्षीच्या वर्कशॉपमध्ये त्या लोखंडी चौकोनाऐवजी प्रत्येक चार मुलांमागे एक मेलेली लूना द्या. सत्राअखेर ठिणगी दाखवेल त्याला मार्क. परीक्षक म्हणून उस्तादांना बोलवा आणि प्राध्यापकांना देता तेच मानधन त्यांना द्या.

कोणाकडे असं इंजिन पडून असेल तर थोडी कामाची माहिती. दोरी ओढून पाहण्याआधी प्लग काढा आणि वायर मोकळी करून ठिणगी तपासा. हवेत पाव इंचाची, म्हणजे सहा मिलिमीटरची फट निळी ठिणगी आवाज करत ओलांडते का ते पाहा. पेट्रोलच्या वाफांपासून लांब. नसेल ओलांडत तर लगेच काही विकत घेऊ नका. आधी पॉइंट कागदानं पुसा. मग फट मोजा. मग कंडेन्सर, ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरडमधला, कुठल्याही जुन्या स्कूटरचा. कॉइलला भिंगाखाली तडा दिसला तरच खिशात हात घाला. आणि फ्लायव्हील काढताना हातोडी वापरू नका, पुलर वापरा. कोणाही स्कूटर-मिस्त्रीकडे असतो, मागितला तर देतात.